दुसऱ्या मनगटावरची वैजयंती

फाल्गुनातला शनिवार होता. कऱ्हाडच्या त्या गल्लीत गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरून कुरडया वाळत पडल्या होत्या आणि खाली वैजयंतीबाई कुंभोजकर ओट्याशी चहात आलं किसत होत्या. तेवढ्यात फोन बोलला.

"वैजयंती कुंभोजकर, गेले बारा दिवस आपला दिनठसा विस्कटलेला आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता पाहणी होईल. चार कपडे भरून ठेवावेत."

त्यांना आधी हसूच आलं. एसटीच्या आगारात एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वेळा सांभाळल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही पाच वीसला उठणं, सहाला दूध, साडेसहाला चहा. शेजारच्या बायका त्यांची चाहूल ऐकून कुकर लावायच्या. विस्कटलेला दिवस म्हणे! मग हसू ओसरलं आणि त्यांनी किसणी खाली ठेवली. चार कपडे कशासाठी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा दिवस बिघडलेला निघाला की त्याला देखभाल केंद्रात नेत. तिथे चौदा दिवस तपासणी, आणि लय जुळली नाही तर घराला कुलूप. गल्लीतले दोघे गेले होते. दोघेही परत आले नव्हते.

बोटांचे ठसे आणि चेहरे हुबेहूब नकली बनवता यायला लागले, तेव्हा सरकारने दिनठसा आणला. माणूस कधी उठतो, कसा चालतो, कप उचलण्याआधी किती थांबतो, हे मनगटावरचा पट्टा टिपून घ्यायचा आणि त्यातून त्या माणसाची लय काढायचा. जगणं कुणाला चोरता येत नाही, असं तेव्हा जाहिरातीत सांगत.

वैजयंतीबाईंनी मदत क्रमांक लावला. "माझ्या नावावर कुणीतरी दुसरंच जगतंय," त्या तडकून म्हणाल्या. "पट्टा बदलला तर तुमच्या यंत्राला कळत नाही का?"

"एरवी कळतं, आजी," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण होळीच्या पंधरवड्यात सूट असते. वाळवणं, पाहुणेरावळे, माहेरवाशिणी यांनी सगळ्यांचेच दिवस बदलतात. दर फाल्गुनात हजारो आज्या संशयित ठरायच्या. म्हणून या दिवसांत पट्टा नवी लय मुकाट शिकून घेतो. फक्त दिवसाला कसलीच लय सापडली नाही, तर नोंद आमच्याकडे येते. अदलाबदल झाली असेल तर सोमवारी तसं सांगा. ज्यांनी तुमचा पट्टा घेतला त्यांना तपासणीशिवाय थेट केंद्रात हलवतील. तुमचं नाव स्वच्छ."

बारा दिवसांची नोंद त्याने पाठवली. वैजयंतीबाई चष्मा लावून स्वतःचे दिवस वाचायला बसल्या. सात चाळीसला उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, रिकाम्या हाताने परत आल्या. एकच डबा तीनदा उघडला. दुपारी चप्पल घालून दारात बावीस मिनिटं उभ्या, बाहेर पडल्या नाहीत. मात्र अकरा ते एक गच्चीवर, हात अगदी स्थिर. तिसऱ्या दिवसापर्यंत येता येता त्यांना बाई ओळखू आली. शेजारच्या मंदाताई शेवाळे.

बारा दिवसांपूर्वी मंदाताईंच्या कुरडया होत्या. गल्लीत आज एकीच्या, उद्या दुसरीच्या घरच्या कुरडया सगळ्या मिळून घालायच्या. शिजवलेला गव्हाचा चीक पट्ट्यात अडकून वाळला की निघता निघत नाही, म्हणून कामाला लागण्याआधी सगळ्या जणी पट्टे काढून एका ताटात ठेवत. सगळे करड्या रंगाचे. आपला ओळखू यावा म्हणून वैजयंतीबाईंनी त्याला लाल दोरा बांधला होता. त्यांनी मनगट उजेडात धरलं. दोरा होता, पण सुरगाठीने बांधलेला, आणि त्यांनी तर घट्ट निरगाठ मारली होती. म्हणजे चूक नव्हती ही. कुणीतरी लाल दोरा शोधून, बसून, दुसऱ्या पट्ट्याला बांधला होता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

गच्चीवर मंदाताई एकट्याच सोऱ्या फिरवत होत्या. साडीवर एकसारख्या कुरडया पडत होत्या.

"मंदाताई, माझा पट्टा दे."

"बस गं वैजू. चीक गार होतोय."

"पट्टा दे म्हणते ना!"

सोऱ्या थांबला. "कळलं होय तुला," मंदाताई खाली बघत म्हणाल्या. "सुहास म्हणालाय, अजून एक वाईट नोंद आली की तो केंद्राच्या कागदावर सही करणार. लेकच तो, पण परगावी बसून तो तरी काय करणार? इथे वर मला सगळं आठवतं गं. खाली गेले की घर परकं वाटतं. तुझा दिवस इतका नेमका, तुला महिनाभर माफ करतील असं वाटलं."

"सोमवारी मला न्यायला येतायत!"

"तुला?" मंदाताईंचा चेहरा पडला. "तुला कशाला नेतील?" हा विचार त्यांच्या मनात खरंच आला नव्हता. मग त्या चिकाच्या हातांनीच डोळे पुसायला लागल्या. "मी सांगते, वैजू. सोमवारी मी माझ्या तोंडाने सांगते. तोवर असू दे."

रविवार कसा गेला ते वैजयंतीबाईंना कळलं नाही. एकच पातेलं दोनदा घासलं. दूध उतू गेलं. त्या एका जागी बसल्या की पुन्हा उठायच्या, आणि आपली ही घालमेल आता मंदाताईंच्या नावावर चढतेय, हे आठवून आणखी घाबऱ्या व्हायच्या. राग येत होता, आणि राग येतोय याची लाजही वाटत होती.

सोमवारी दहाला पाहणी अधिकारी गच्चीवरच आली. पंचविशीतली मुलगी होती, बोलायला नम्र. मंदाताई आणि समोरच्या घरातली रेवती चिकाचं पातेलं उतरवत होत्या, वैजयंतीबाई साडी अंथरत होत्या.

"वैजयंती कुंभोजकर कोण?"

मंदाताईंनी पदराला हात पुसले आणि उभ्या राहिल्या. "मी."

वैजयंतीबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, त्यागबिगही दिसत नव्हता. आपलं नाव सांगावं तसं त्यांनी सहज सांगितलं होतं. बारा दिवस मनगटावर वागवून ते नाव त्यांना आपलंच वाटायला लागलं होतं, की त्या मैत्रिणीऐवजी जायला निघाल्या होत्या? विचारायला आता वेळ नव्हता. 'हिने माझा पट्टा चोरला' हे वाक्य वैजयंतीबाईंनी दोन दिवस घोकलं होतं. ते एकदा उच्चारलं की त्या सुटणार होत्या, आणि मंदाताई या जिन्यावरून कायमच्या उतरणार होत्या.

"नाही बाई, वैजयंती मी," त्या म्हणाल्या. "आज सकाळी कामासाठी पट्टे काढले होते, घालताना हिने चुकून माझा घातला." त्यांनी मंदाताईंच्या मनगटावरचा पट्टा सोडवून स्वतःच्या हाताला बांधला आणि दुसरा मंदाताईंच्या हाताला. "बारा दिवसांची नोंद माझीच आहे. चला."

"वैजू, अगं..." मंदाताई पुटपुटल्या.

"रेवती, हिला खाली एकटीला सोडू नकोस. आणि सुहासला आजच बोलावून घे. चौदा दिवस आहेत म्हणावं, स्वतः येऊन आईजवळ राहून बघ, मग सही कर."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. मुलीने हात दिला. "घाबरू नका आजी. तिथे काही वेगळं करायचं नसतं. फक्त रोजच्यासारखं राहायचं, लय आपोआप जुळते."

वैजयंतीबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"परक्या खोलीत, ओळखीचं एक माणूस आसपास नसताना," त्यांनी विचारलं, "तू राहशील का गं रोजच्यासारखी?"