टाकीतलं शेवटचं पेट्रोल

"पेट्रोलचीच न्यायची," कानिफ म्हणाला. "ढीग बघितला का तू? बॅटरीची गाडी निम्म्यातच बसंल."

"आणि मोरीत धूर कोंडला तर आत अडकलेला टिकल्या गुदमरेल," हर्षलने त्याला तोडलं. "दगड चढायला वेग कशाला हवा? बॅटरीची गाडी सावकाश चढते, मध्येच अडली तरी बंद पडत नाही."

"चार्ज किती हाय तिला? सकाळधरनं लाइट न्हाई गावात."

"पेट्रोलची न्यायची न्हाई," सुकन्या म्हणाली. एवढंच म्हणाली आणि बॅटरीची गाडी उचलून बाहेर पडली. आज तिच्याशी वाद घालायची दोघांचीही छाती झाली नाही.

ते तिघे उभे होते ते पत्र्याचं गॅरेज सुकन्याच्या आप्पांचं, म्हणजे वडिलांचं; हर्षलचे ते बजरंगकाका. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला कुणाचा पाण्याचा पंप रुसला की तो इथे यायचा. उरलेल्या वेळात काकांनी खडक चढणाऱ्या दोन रिमोटच्या गाड्या बनवल्या होत्या. एकीत फवारणी पंपाचं इंजिन, दुसरीत जुन्या ड्रिलची मोटर. कुठली भारी, यावर नगरहून हर्षल आणि इथून काका वर्षभर फोनवर भांडत होते. सुट्टी लागली की घरामागच्या कातळावर शर्यत लावायची आणि एकदाचा निकाल लावायचा, असं ठरलं होतं.

हर्षल शर्यतीसाठी बॅग भरत होता, तेव्हाच फोन आला. काका रात्री छातीत दुखतंय म्हणाले होते, सकाळी उठलेच नाहीत.

काल त्यांचा दहावा झाला. नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. काकांचा कुत्रा टिकल्या पिंडाशेजारी जाऊन बसला होता. "कुत्रं हाकला आधी, त्याच्यामुळं कावळा येईना," असं म्हणत आबासाहेबांनी, म्हणजे काकांच्या चुलत्यांनी, पहिला दगड मारला. मग ज्याच्या हाताला जो लागला तो दगड. टिकल्या पळाला, कावळा उतरला, सगळ्यांनी हात जोडले आणि मंडळी जेवायला बसली. रात्री कुत्रा दिसेना तेव्हा "बिबट्यानं नेला असंल" म्हणून मोठी माणसं मोकळी झाली.

कुत्रा तर दुपारी दगड बसल्यापासूनच दिसला नव्हता. भर दुपारी, एवढ्या माणसांतून बिबट्या कुत्रा नेतो कसा, हे मात्र कुणीच सांगेना. मुलांना काही ते पटलं नाही. आज सकाळी दूध घालायला गेलेल्या शेजारच्या कानिफला नव्या रस्त्याखालच्या मोरीतून बारीक कण्हणं ऐकू आलं. काल दुपारनंतर तिच्या तोंडावर टिपरने दगडमातीचा ढीग ओतला होता. दुसरं तोंड कधीच गाळाने बुजलं होतं. आता जेसीबी येऊन तो ढीग दाबणार होता. त्याआधी गाडीवर मोबाईल बांधून आत टिकल्या आहे हे दाखवायचं होतं.

ते पोचले तेव्हा जेसीबी उभाच होता. मुकादम चहा पीत होता.

"कुत्रं आत भाड्यानं राहतंय व्हय?" तो हसला. "माझा चहा हाय तवर खेळा. मग सरका बाजूला."

ढिगाच्या वर कुत्रा कसाबसा निघेल एवढीच फट होती. हर्षलने गाडीच्या पाठीवर मोबाईल बांधला, टॉर्च लावला, रेकॉर्डिंग चालू केलं. गाडी पुढचं चाक टेकवत, मागचं उचलत, एकेक दगड चढून फटीत शिरली. जराही आवाज नाही. बऱ्याच वेळाने ती उलटी फिरून फटीशी आली आणि तिथेच तिने मान टाकली. कानिफने तिला हाताने ओढून काढलं.

"बोललो हुतो न्हवं, चार्ज न्हाई," तो पुटपुटला.

"पण चढली की नाही?" हर्षल म्हणाला.

मोबाईलवर आधी नुसता अंधार दिसला, मग दोन डोळे. अगदी टोकाला टिकल्या अंग चोरून बसला होता. मुकादमाने ते पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. जेसीबीवाल्याला त्याने हातानेच थांबायला सांगितलं.

सुकन्या फटीपाशी आडवी पडली. "टिकल्या, ये रं. मी हाय." आतून कण्हणं आलं, टिकल्या आला नाही.

"बाहेर आलो की दगड बसतात, एवढंच त्याला ठाऊक आहे," हर्षल म्हणाला.

"एक आवाज वळखतो त्यो," कानिफ हळूच म्हणाला.

तिघांनाही कळलं. रोज संध्याकाळी काका पेट्रोलची गाडी सुरू करायचे आणि टिकल्या असेल तिथून धावत यायचा.

सुकन्या उठून बसली. "त्या टाकीत आप्पांनी भरलेलं पेट्रोल हाय. शर्यतीसाठी भरलं हुतं. त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय."

हर्षल तिच्याशेजारी बसला. "आपण ते बाटलीत काढून ठेवू. दुसरं आणू कुठून तरी."

"बाटलीतनं उडूनच जाईल त्ये," ती म्हणाली आणि घराकडे धावली.

तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावर इंजिन लागलं. डोंगर दणाणला. सुकन्या रिमोट घेऊन मोरीपासून लांब, मोकळ्यावर उभी राहिली, म्हणजे धूर आत जायला नको. फटीतून आधी माती घरंगळली, मग नाक आलं, मग धुळीने माखलेला टिकल्या. तो सुसाट गाडीपाशी आला, शेपूट हलवत तिच्याभोवती गरगर फिरला.

मग तो थांबला. रिमोट धरलेल्या सुकन्याचे हात त्याने हुंगले. हर्षलला हुंगलं, कानिफला हुंगलं. मग रस्त्याकडे बघत बसला.

रस्त्याने माणसं येत होती. सगळ्यांत पुढे सुकन्याची आई, सुरेखाकाकू, अनवाणी, धावत. तो आवाज ऐकून क्षणभर तीही फसली होती. समोर फक्त पोरं दिसली तशी ती जागच्या जागी उभी राहिली.

आबासाहेबांनी मोरीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. मुकादमाने त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी डोक्याची टोपी काढली.

"शाबास, पोरांनो," ते म्हणाले. "आमाला कावळा तेवढा दिसला. बजरंगाचं कुत्रं दिसलं न्हाई."

गर्दीतल्या कुणीतरी हर्षलची पाठ थोपटली, कुणी कानिफची. मुकादम इंजिन बंद करायला वाकला.

"असू द्या," सुरेखाकाकू म्हणाली. "चालू द्या, हाय तवर."

मग कुणीच हललं नाही. इंजिन धडधडत राहिलं, टिकल्या कान टवकारून रस्त्याकडे बघत राहिला. शेवटी इंजिन दोनदा अडखळलं आणि थांबलं. टिकल्याने थोडी वाट पाहिली. मग तो उठला आणि सुकन्याच्या पायांवर मान ठेवून बसला.

सुकन्याने रिमोट खाली ठेवला, आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.