आत्याची बाजू

ही हकीकत खरी आहे. रचूनच सांगायची असती तर वादळी रात्र घेतली असती, दोन वटवाघळं सोडली असती. पण हे घडलं भर दुपारी, जेवणाच्या वेळी, मिस्त्रींच्या गॅरेजच्या तापलेल्या पत्र्याखाली. तिथे भुतालाही घाम फुटावा.

गाडी मेव्हण्याची. म्हणजे मिस्त्रींच्या बायकोच्या धाकट्या भावाची. वडिलांच्या काळातली, चार दारांची, लांबलचक. त्याला तिचा झोकदार पिकअप करून हवा होता. पुढे दोघे बसतील, मागे उघडा हौदा. मिस्त्रींनी मागचं छप्पर कापलं, मागची सीट भंगारात दिली, पुढच्या सीटमागे नवी भिंत उभी केली. मागची दोन्ही दारं वेल्डिंगने कायमची बंद केली, फटी बुजवल्या आणि वर गर्द हिरवा रंग मारला.

सीट निघाली तेव्हा मेव्हण्याने हसत सांगितलं होतं, की डावी बाजू आत्याची. आत्या उतरल्याशिवाय गाडीतून कुणी उतरायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. आत्या चष्मा, शाल आणि पर्स शोधेपर्यंत पुढची मंडळी वाफेवर शिजायची. आता आत्या नाही, कटकट नाही, असंही तो म्हणाला.

हे नसतं म्हटलं तरी चाललं असतं.

त्या दुपारी दाराची नवी रबरी पट्टी तपासायला मिस्त्री आत बसले. दोन्ही दारं लावली. काचा वर.

पट्टी झकास बसली होती.

दार उघडेना.

दुसरंही उघडेना.

काचेचं हँडल फिरवलं. हँडल फिरलं... काच जागची हलली नाही.

मग पाठीमागून आवाज आला.

कर्र... कर्र... कट्.

मागची काच कुणीतरी खाली घेत होतं.

मागे काच नव्हती. त्या दाराच्या पोटातलं सगळं सामान मिस्त्रींनी स्वतः काढून खोक्यात टाकलं होतं. खोकं समोरच्या बाकावर दिसत होतं.

बाहेर उभ्या मेव्हण्याने दार ओढून पाहिलं. मिस्त्रींनी खूण केली, काच फोड. तो हातोडा घेऊन उभाच राहिला.

"दाजी, ही काच आता कुठे मिळत नाही हो."

मग दाजींचा चेहरा पाहून त्याने घाव घातला. हातोडा उशीवर आपटावा तसा परतला. मेव्हण्याचा चेहरा आता गाडीच्या रंगाला शोभू लागला.

आत हवा जड झाली. सदरा अंगाला चिकटला. मिस्त्रींच्या पाठीत, सीटमधून, कुणाचे तरी गुडघे रुतले...

सीटच्या मागे तर भिंत होती.

टक... पर्स उघडली.

टक... पर्स मिटली.

तेवढ्यात मिस्त्रींची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. उंबऱ्यातच थबकली.

कर्र... कर्र... कट्.

"ही आत्याची काच. शेवटी अडकायचीच."

"ताई, तिथे आता दारच नाही."

"मग ती उतरणार कुठून? ग्राइंडर घे."

रंग कालच दिलाय, असं मेव्हणा पुटपुटला. ताईने नुसतं पाहिलं. लहानपणी याच नजरेवर तो अभ्यासाला बसायचा.

ठिणग्या उडाल्या. हिरवा रंग जळाला. डाव्या बाजूचं मागचं दार सुटलं, तशी बायको खाली वाकली.

"ये आत्या. सावकाश."

गाडीची मागची डावी बाजू... हळूच वर आली.

पुढचं दार आपोआप उघडलं आणि मिस्त्री बाहेर कोसळले.

मेव्हण्याने ते मागचं दार पुन्हा बिजागऱ्यांवर बसवून घेतलं. हौद्याला दार कशाला, असं कुणी विचारलं तर नवी फॅशन आहे म्हणून सांगतो.

पण आत्या उतरून गेली कुठे, हे त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्री स्कूटरवरून घरी आले. एकटेच. स्टँड लावला... आणि पाय काही उचलेना.

मग मागची सीट जराशी वर आली. पाय सुटला.

तेव्हापासून हे रोजचंच. बायको घराचं दार जरा जास्त वेळ उघडं धरते. मिस्त्रीही मागे न बघता म्हणतात, "सावकाश उतरा."

आज मात्र मागची सीट अजून वर आलेली नाही.

चहा बायकोने बाहेरच आणून दिला. ही सगळी हकीकत मिस्त्रींनी स्कूटरवर बसूनच सांगितली. अंधारून आलं, ऐकणारे उठून आपापल्या घरी निघाले, तेव्हा ते ओशाळं हसले.

"पर्स शोधत असतील..."