मेघालीचा पुण्याचा नवरा

साहेब, एका दिवसात अख्खं गाव शहाणं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? बॅनर लावा, फोटो काढा, ‘नवापूर कृत्रिम बुद्धिमत्तेत साक्षर’ असं कळवा आणि निघा, हाच ना तुमचा हुकूम? एसीत बसून सोपं आहे हो! तुम्ही शिकवायला पाठवलेल्या बेटेगावच्या मेघालीनं तो बॅनर लावला, फोटो काढला आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या सुट्टीत परत नवापूर गाठलं. मग दर रविवारी. आता ते गावासाठी, की धीरजसाठी... ते तिलाच ठाऊक.

पहिल्या दिवशी बोईसर स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षात तिचा गुंडाळलेला बॅनर शेजारच्याच्या कानात घुसला होता.

“मॅडम, एकच कान चांगला हाय माजा. दुसरा कंपनीतल्या मशीननं खाल्ला.”

“अय्या, सॉरी हं! खरंच ऐकू येत नाही?”

“तुमी बोलत रावा ना... मग कलेल.”

डोळ्यांत हसत होता मेला! तो धीरज. सुट्टीला नवापूरला घरी निघालेला.

वर्ग भरायचा देवळाच्या ओट्यावर, वाळत्या बोंबलांच्या वासात. पोरंटोरं पुढे आणि त्यांच्यात मांडी घालून धीरजची सत्तरीची लाडकीकाकी. तिनं बोंबील वाळत टांगलेल्या दोरीचा, वलांडीचा, फोटो काढून फोनला विचारलं, हे काय? फोन म्हणाला, दोरीवर कपडे वाळत घातले आहेत.

“मेल्या, तुजा बाप घालतो का असलं कपडं?”

ओटा खदखदला. मेघाली म्हणाली, “बघा काकी, माहीत नसलं तरी हा गप्प बसत नाही, ठोकून देतो. म्हणून ज्याची गोष्ट त्यालाच विचारायची.”

सगळ्यात जोरात मान डोलावली धीरजनं. वाऱ्यानं तिचा तक्ता उडाला की तोच धावायचा. तक्ता तिच्या हातात देताना बोटं जराशी... रेंगाळायची.

आणि एका रविवारी हे सगळं आटलं. “नमस्कार मॅडम,” म्हणून तो मागे खांबाला टेकून बसला. पुढच्या रविवारी नमस्कारही नाही.

त्यातच वरून निरोप आला, नवापूर झालं, आता मोखाडा, रविवार धरून. शेवटच्या वर्गात मेघालीची नजर सारखी खांबाकडे जात होती. आज बोलला नाही, तर कधी बोलणार हा?

लाडकीकाकीनं तिचा हात धरला. “बाय, तुज्या घरवाल्याला नमस्कार सांग.”

“कोण घरवाला?”

“पुन्याचा गो! इंजिनेर. दोन पोरं पन हायत ना?”

“काकी, हे कोणी सांगितलं?”

काकीनं हनुवटीनं खांबाकडे दाखवलं. “ह्यानं फोनला इचारला, मॅडमचा लगीन झालाय काय. फोननं सगला सांगितला.”

पोरं हसून लोळली. मेघाली तरातरा खांबापाशी गेली.

“बोंबलांचे कपडे झालेले तुम्ही नव्हते बघितले?”

“तो... येवड्या खात्रीनं बोलला. नाव पन दिला, सुहास.”

“सुहास! आणि मला विचारायला काय झालं होतं?”

धीरज पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. “तुमी ‘हो’ बोलला असता तर...? फोनच्या तोंडून सोसला कसातरी. तुमच्या तोंडून नसता सोसला.”

तिचा राग कुठल्या कुठे गेला. उरली ती नुसती धडधड.

“नवरा नाही, पोरं नाहीत, आणि सुहास नावाचं कुत्रंसुद्धा माझ्या ओळखीचं नाही,” ती म्हणाली. “आई रोज विचारते, त्या नवापूरला आहे तरी काय एवढं? मी अजून काही बोललेली नाही.”

तिला न्यायला आलेल्या रिक्षावाल्यानं रस्त्यावरून हॉर्न मारला. लाडकीकाकीनं तिथूनच त्याला दम दिला, “थांब रे मुडद्या!”

“फोन खाली ठेव,” मेघाली म्हणाली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तिलाही कळलं नाही. “ठेव म्हणते ना! आता माझ्याकडे बघ आणि बोल... आईला काय सांगू?”