डावी सीट

गिअर पडत नाही म्हणून गाडी येते, तेव्हा दहापैकी सहा वेळा चूक गिऱ्हाइकाची असते. भायखळ्याच्या माझ्या गॅरेजात तीस वर्षं हेच बघत आलोय.

खोताच्या वाडीतली सेसिलिया त्या दुपारी तिसऱ्यांदा आली. तिचा नवरा कॉलिन ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. अर्ध्या गिरगावाला त्याने गाडी शिकवली, बायकोला मात्र नाही. मार्चमध्ये तो गेला. आता ती त्याच्याच गाडीवर शिकत होती. दुसऱ्या दिवशी टेस्ट होती. पास झाली तर औषधं पोचवायची नोकरी पक्की.

“पहिला पडतच नाय, दौलत.”

केबल बदलून झाली होती, क्लचप्लेटही. मी बसलो की पाचही गिअर लोण्यासारखे पडायचे. मला रागच आला.

“बाई, तुम्ही क्लच पुरता दाबत नाही. बसा, दाखवा.”

मी डावीकडे बसलो, कॉलिनच्या जागेवर. शिकवणाऱ्याची जादा पेडलं मीच काढली होती. चटईखाली बोल्टची भोकं तेवढी उरली होती. तिचा पाय पार तळाला टेकला. तरी गिअर अडला.

इंजिन बंद करायला लावलं. बंद गाडीत गिअर निमूट पडला तर दोष क्लचचा, नाही पडला तर आतल्या दांड्यांचा. इथे लिव्हर मोकळा हलत होता. ती पुढे ढकलायची आणि तो सावकाश मागे यायचा. कुणीतरी आणल्यासारखा.

“थांबा, मी टाकतो.” शिकवणारे ठेवतात तसा मी तिच्या हातावर हात ठेवला.

तिचा हात लागलाच नाही. मधे आणखी एक हात होता. हाडकुळा, गार.

मी हिसका दिला. माझा हात निघेना.

“एकदाच शिकवलं त्याने मला,” ती समोर बघत म्हणाली. “गिअर चुकला म्हणून बोटं दाबली. दोन मोडली.”

खट्ट. पहिला पडला.

तिने हात काढून घेतला, उलटसुलट करून बघितला आणि रडायला लागली.

“सुटला रे.”

सेसिलिया पास झाली. परवा औषधांच्या पिशव्या घेऊन गॅरेजवरून गेली, हॉर्न वाजवत.

काल एका गिऱ्हाइकाची गाडी बाहेर काढायला बसलो. पहिला अडला.

“दौलतशेठ, क्लच पुरता दाबा की!” गिऱ्हाईक हसलं.

माझा पाय तळाला टेकला होता. डावा हात नॉबवर होता, आणि त्यावर गार बोटं एकेक करून मिटत होती.