एक्केचाळिसावी तार

अनेस्तिस माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माझ्यासारखाच वायरमन, तो अजून कामावर जातो. सकाळी बंदरावर कॉफीला येतो तेव्हा विचारा त्याला. सांगेलच असं नाही. मला एकदाच सांगितलं, आणि सांगून टाकल्याबद्दल पुढे महिनाभर माझ्यावरच फुगून बसला होता. बसा असे जवळ. दार लोटून घ्या, वारा येतोय.

ईस्टरच्या आधीचा मंगळवार, तारीख तीस एप्रिल. संध्याकाळी साडेसातला त्याला सिमेलाबाईंचा फोन आला. बंदरामागे तंबाखूवाल्यांची ती जुनी पाच मजली इमारत आहे ना, तिथे खाली बाईंचं मिठाईचं दुकान. भट्टी आणि शीतखोली मात्र तिसऱ्या मजल्यावर, कारण वर भाडं कमी.

"अनेस्तिस, मी भट्टी लावली की समोरच्या खोलीतल्या वकिलाचे दिवे फुटतात," बाई म्हणाल्या. "काल त्याचा संगणक जळला. आणि माझी शीतखोली म्हाताऱ्यासारखी धापा टाकते. गुरुवारी ईस्टरचे तीनशे वेणीपाव द्यायचेत. येतोस, की दुसरा बघू?"

"दुसरा आहे कोण?"

"तेच तर. ये."

अनेस्तिसने फोनवरच ओळखलं, न्यूट्रल गेला. वीज एका तारेने येते आणि न्यूट्रलने परत जाते. परतीची वाट तुटली की ती शेजाऱ्याच्या घरातून वाट काढते, आणि जाताना त्याचं घर जाळते. दुखणं सोपं. औषध त्याहून सोपं, जोड सुटलाय तिथे तार पुन्हा जोडायची. फक्त जोड सुटलाय कुठे, ते सापडलं पाहिजे.

तो मेहुण्याला, कोस्मासला, घेऊन साडेआठला पोचला. तिसऱ्या मजल्यावरची विजेची फळी उघडली आणि त्याचं तोंड कडू झालं. सगळ्या तारा एकाच रंगाच्या. काळ्या, सुती वेष्टणाच्या, आजोबांच्या काळातल्या. कुठली कुणाची, काही पत्ता नाही. सगळ्या भिंतीत शिरलेल्या, आणि भिंतीला संगमरवर. फोडायचा म्हटलं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी, म्हणजे तीन महिने.

"मग?" बाईंनी विचारलं.

"तळघरात मुख्य पेटी असेल. या सगळ्या तारा तिथे उतरत असणार. एकेक करून शोधू. पण मेन बंद करावा लागेल."

"शीतखोलीत कणीक आहे माझी."

"किती वेळ टिकेल?"

"बारापर्यंत. त्यानंतर ती कणीक नाही, चिकट लगदा." बाईंनी ॲप्रन सोडला. "मी घरी जाते. इथे बसले तर तुला काम करू देणार नाही."

रीत साधी होती. इमारतीत पाण्याचा एक लोखंडी नळ तळघरापासून वरपर्यंत जातो. कोस्मासने खाली पेटीतली एकेक तार त्या नळाला टेकवायची आणि नळावर एक ठोका द्यायचा. वर अनेस्तिसने मीटरचं एक टोक आपल्या न्यूट्रलला लावायचं, दुसरं नळाला. मीटर वाजला तर तीच तार. मग वरून दोन ठोके. नाही वाजला तर एक, म्हणजे पुढची घे. तळघरात फोन लागत नाही, म्हणून ही युक्ती.

कोस्मास खाली गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ठोका नाही.

अनेस्तिस जिन्याच्या कठड्यावरून ओरडला, "झोपलास का रे?"

"पेटी तरी सापडू दे, दाजी. इथे सगळं भंगार भरलंय."

"बारापर्यंत वेळ आहे, सणापर्यंत नाही."

"मग ये ना तूच खाली. वर बसून हुकूम सोडायला काय जातं?"

"तुझी बहीण पाया पडली म्हणून तुला कामावर घेतलं, लक्षात ठेव."

मग कोस्मासचा आवाज आला, अगदी शांत. "बहिणीने तुझ्याशी लग्न केलं, तिथेच आमचं घर बुडालं."

अनेस्तिस परत फळीसमोर येऊन बसला. घड्याळात नऊ वीस. मेन बंद, सगळी इमारत काळीठिक्कर, त्याच्या कपाळावरची बॅटरी तेवढी चालू. मनात म्हणाला, जाऊ दे, रुसला असेल. आता तासभर बोलणार नाही.

तेवढ्यात नळावर ठोका पडला.

मीटर गप्प. अनेस्तिसने एक ठोका दिला. पुढची.

ठोका. गप्प. पुढची.

दहा झाल्या, पंधरा झाल्या. त्याने मीटरची टोकं एकमेकांना लावून पाहिली. मीटर नीट वाजत होता. सेल बदलले तरी तेच. नळाचा रंग पुन्हा खरवडून घेतला. अठरा, एकोणीस. शीतखोलीच्या दाराला हात लावला तर गारवा उतरायला लागला होता. विसाव्या तारेला त्याने पान्हा जमिनीवर आपटला.

"नीट टेकवतोयस ना?"

उत्तर नाही. एक ठोका आला.

"तोंडाला कुलूप लावलंस का?"

एक ठोका.

त्याला स्वतःचाच राग येत होता. मेहुण्याला बोललो ते बोलायला नको होतं. पण हा तरी किती ताणणार? माणसाने निदान शिवी द्यावी. तिसाव्या तारेला त्याने ओरडून माफी मागितली, ओरडून म्हणजे जवळजवळ शिवीसारखीच. "चुकलं माझं, बस? आता बोल."

खाली शांत. मग ठोका.

कोस्मासला दमा आहे. तळघरातल्या धुळीत तो पाच मिनिटं खोकल्याशिवाय राहत नाही. अनेस्तिसला हे आठवलं ते तेहतिसाव्या तारेला. तासाभरात एकदाही खोकला ऐकू आला नव्हता. आणि ठोके... सगळे एकसारखे. एकाच जोराचे. मध्ये तेवढाच वेळ. कोस्मासने आयुष्यात एक काम एकसारखं केलं नव्हतं.

त्याने विचार झटकला. वेळ नव्हता.

अडतीस. गप्प.

एकोणचाळीस. गप्प.

चाळीस.

एक्केचाळीस... मीटर वाजला.

अनेस्तिसने दोन ठोके दिले. खालूनही दोन ठोके आले. मीटर थांबला. म्हणजे तार नळापासून सोडवली. आता कोस्मास तिला खूण बांधेल, अनेस्तिस खाली जाईल, दोघं मिळून जोड करतील.

मीटर पुन्हा वाजला. आणि वाजतच राहिला.

मुख्य न्यूट्रल इमारतीत शिरतो तिथे त्याच नळाला बांधलेला असतो. मीटर वाजत राहिला याचा अर्थ एकच. खाली तार जोडली गेली होती.

"मला न विचारता जोडलीस?" तो जिन्याकडे जात ओरडला. "कोस्मास?"

दुसऱ्या मजल्यावर त्याचा फोन वाजला. दहा पन्नास. कोस्मास.

मागे भांड्यांचा आवाज. माणसं हसत होती.

"दाजी, राग गेला का? तुझ्यासाठी थंडगार त्सिपुरो दारू मागवून ठेवलीय. गरम होतेय इथे."

"कुठे आहेस तू?"

"समोर. याकोवोसच्या खानावळीत."

"कधीपासून?"

"आपलं वाजलं तेव्हापासून. नऊ-सव्वानऊ. पेटीचं झाकणही नाही उघडलं मी, तसाच निघून आलो. ऐक ना, बहिणीला यातलं काही..."

अनेस्तिसने जिन्यातून खाली अंधारात बॅटरी रोखली.

"दाजी?"

खालून ठोका आला.

एक.

तो जिन्यात उभा राहिला. फोन कानाला. पुढची तार शोधायची नव्हती. हवी ती सापडली होती. तरी ठोका. मग शांतता... उत्तराची वाट पाहणारी शांतता. शेजारच्या भिंतीत नळ होता. त्याने हात लांबवला. बर्फासारखा गार.

त्याने दोन ठोके दिले. झालं, या अर्थाचे.

खाली काही हललं नाही. काही आलं नाही.

"इकडे ये," तो फोनमध्ये म्हणाला. "लगेच ये. मी दारात आहे."

कोस्मास आला. त्याने दाजीचं तोंड पाहिलं आणि भांडण तिथेच संपलं. दोघं बॅटऱ्या घेऊन तळघरात उतरले. पेटी कोपऱ्यात होती, लोखंडी, माणसाच्या उंचीची. झाकणाला आठ स्क्रू, आणि स्क्रूंवर भिंतीचा हिरवा रंग. जाड, वाळलेला, कुठे चरा नाही. वर्षानुवर्षं कुणी उघडलं नव्हतं. कोस्मासने रंग छिन्नीने तोडला. त्यालाच वीस मिनिटं लागली.

आत एक्केचाळीस तारा. दोघांनी दोनदा मोजल्या. चाळिसांवर धूळ बसलेली. एक मुख्य न्यूट्रलला जोडलेली. तांब्याचे पदर एकमेकांत पिळलेले, वर कथलाचा डाग दिलेला, वर वितळत्या मेणात बुडवलेली सुती पट्टी गुंडाळलेली. असा जोड मी शेवटचा पाहिला तो माझ्या उस्तादांच्या हातचा, आणि तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं.

कोस्मास कुजबुजला, "जुनाच असेल. सुटला कुठेतरी दुसरीकडे असेल..."

अनेस्तिसने जोडावरून एकदा बोट फिरवलं, झाकण लावलं, मेन चालू केला. भट्टी लागली, वकिलाचे दिवे स्थिर राहिले. पावणेबाराला शीतखोली पुन्हा घुमायला लागली. गुरुवारी वेणीपाव झाले, तीनशेच्या तीनशे, आणि बाईंनी दोघांना दोन दोन दिले. मेहुणे-मेहुणे त्यानंतर कधी भांडले नाहीत. त्या इमारतीचं कामही त्यांनी परत घेतलं नाही.

बोट फिरवलं तेव्हा काय लागलं, ते अनेस्तिसने कोस्मासला आजवर सांगितलेलं नाही. मला सांगितलं.

पट्टीवरचं मेण अजून मऊ होतं.