गुलाबाच्या वाफ्यातलं पाणी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी ही गोष्ट काढत नाही.

गेल्या डिसेंबरात शाळेच्या सहलीची जागा बघायला हेडमास्तरांनी नेमकं मलाच धाडलं. ताडकळसच्या पुढं, आमच्या गावाला लागूनच, जहागीरदारांची जुनी कोठी आणि बाग आहे. आता ती तिकीट काढून बघता येते. फाटकावर पाटी होती: 'जहागीरदारसाहेबांनी स्वहस्ते फुलवलेली बाग'. वाचून तोंड कडू झालं. आयत्या बिळावर नागोबा! ती बाग फुलवली माझ्या वडिलांनी, भुजंगआबांनी, एकवीस वर्षं माळी राहून.

नऊ वर्षांची असताना याच फाटकाशी मी धावत आले होते. घरी माझी माय, मनकर्णा, बाळंतपणात अडली होती. पण त्या दिवशी कोठीवर पाहुणे होते. राखणदार म्हणाला, "आत जायचं न्हाई. सांगतो मी तुझ्या बापाला." मी परत फिरले. आबा दिवेलागणीला आले, तोवर माय आणि बाळ दोघंही गेली होती. बायको मरत असताना हा माणूस गुलाबाला पाणी देत राहिला, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. निरोप मिळाला होता का, एवढंही कधी विचारलं नाही. दोन वर्षांमागं ते वारले, तेव्हाही मी रडले नाही.

तिकीट फाडणाऱ्या उद्धवनं मला आत सोडलं. भर दुपार होती, पण बागेत चिटपाखरू नव्हतं. कोठीमागं वळले, तर ओल्या मातीचा वास आला... मग पाटातून पाणी वाहण्याचा आवाज. गुलाबाच्या वाफ्यात एक पाठमोरा माणूस पोटरीभर चिखलात उभा राहून दारं धरत होता. भरलेल्या वाफ्याचं मातीचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. डाव्या खांद्याचं ते वाकणं मी ओळखलं.

"आबा..."

त्यांनी मान वळवली नाही. "लय येळ झाला, पोरी. घरचं काय कळंना. कुणी निरोपबी आणीना..."

तीस वर्षं मी ज्या माणसाला शिक्षा दिली, त्याला काही माहीतच नव्हतं. माझी मलाच किळस आली.

"मायनं बोलावलंय," मी कसंबसं म्हणाले. "घरी चला."

"पाणी चालू हाय. फावडं दुसऱ्याच्या हातात दिल्याबिगर दारं सोडायची न्हाईत, कोठीचा कायदाच हाय त्यो... जरा धरतीस?"

मी हात पुढं केला. दांडा विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. ते माझ्या शेजारून गेले, पण तोंड काही दिसलं नाही.

उद्धवनं दंडाला धरून हलवलं, तेव्हा ऊन उतरलं होतं.

"बाई, कवापासनं आवाज द्यायलोय मी. हितं काय करायलाव?"

मी भेगाळलेल्या कोरड्या वाफ्यात उभी होते, रिकामी मूठ आवळून.

"पाणी..."

"कुठलं पाणी? पाट बुजवून वीस वर्षं झाली. आता सगळं ठिबकवर हाय."

तेवढ्यात फोन वाजला. गावातल्या आमच्या बंद घराची किल्ली सांभाळणाऱ्या सरजाबाई होत्या.

"पोरी, कुलूप तसंच हाय, पर उंबऱ्यावर वल्ल्या चिखलाची पावलं हायत... आत गेल्याली. म्या कुलूप काढून बघितलं. तुझ्या मायच्या खोलीपस्तोर गेलीत."

"आबांची असतील," मी म्हणाले, आणि इतक्या वर्षांचा हुंदका फुटला.

सरजाबाई मागल्या दाराकडं चालत गेल्याचं फोनवर ऐकू आलं.

"आत जाताना एकट्याचीच हायत. पर मागल्या दारानं निघताना तिघांची..." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "एक बाईमाणसाची. आन तिसरी बोटभर. एवढुसं लेकरू चालत नसतं गं, पोरी."