भैरवीची पट्टी

आठ हजारांच्या पुढे जाणं जिला शक्यच नव्हतं, ती भैरवी नऊ हजार दोनशेवर गेली कशी?

हा प्रश्न इनामदार मॅडमनी सोमवारी सकाळी विचारला आणि उत्तराला गुरुवारी अकरा वाजेपर्यंतची मुदत दिली. ते ऐकून सोयरा बोटांवर दिवस मोजू लागली, कारण भैरवी तिच्या आजोबांचा जीव की प्राण होती.

भैरवी म्हणजे एक गाडी. लाल, ठेंगणी, दोनच माणसांची आणि हातानं गिअर बदलायची. सन २०७१ मध्ये रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या विजेच्या झाल्या होत्या. त्यांना गिअर नव्हते आणि आवाज तर नव्हताच. जुन्या इंजिनाचा आवाज कसा असतो हे ऐकायचं असेल तर संगमनेरपलीकडच्या माळावर 'चक्रालय' नावाच्या संग्रहालयात जावं लागे. तिथे दर रविवारी भैरवी उसाच्या मळीपासून केलेलं इंधन पिऊन तीन किलोमीटरच्या गोल रस्त्यावर गात सुटे, आणि पोरंटोरं कठड्याला लटकून टाळ्या पिटत.

सोयराचे आजोबा, नरहरीबुवा टिळेकर, हे इंजिनांचे शास्त्रज्ञ. पण गावात त्यांना सगळे 'बुवा' म्हणत ते कीर्तनकार म्हणून. दिवसभर इंजिन आणि एकादशीला कीर्तन, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. भैरवीचा स्क्रू न् स्क्रू त्यांनी हातानं बसवला होता. कीर्तनाचा शेवट भैरवी रागानं होतो, म्हणून त्यांनी जुन्या गाड्यांतल्या या शेवटच्या गाडीलाही तेच नाव दिलं.

गाडी चालवायचा मात्र टाळ्या. टाळ्या हा रोबो. सहा वर्षं तो बुवांच्या मागे उभा राहून टाळ वाजवत होता, म्हणून त्याचं नाव टाळ्या. जुन्या गाड्या रोबोनंच चालवाव्यात आणि शेजारी बसून माणसानं हुकूम द्यावेत, असा चक्रालयाचा नियम होता.

गेल्या महिन्यात सरावाच्या वेळी भैरवी अचानक किंचाळली. इंजिनाच्या नोंदीत आकडा उमटला : मिनिटाला नऊ हजार दोनशे फेरे. लाल रेघ, म्हणजे ओलांडायची नाही ती मर्यादा, होती आठ हजारांवर. दोन झडपा वाकल्या. आजोबांनी कपाटातल्या शेवटच्या दोन झडपा बसवून गाडी पुन्हा उभी केली.

"बुवा, आता कपाट रिकामं आहे," इनामदार मॅडम म्हणाल्या. त्या चक्रालयाच्या प्रमुख. बोलायला कडक, पण रविवारी भैरवी सुरू झाली की चहाचा कप घेऊन हळूच खिडकीशी येणाऱ्या. "तिच्या झडपा आता जगात कुणी करत नाही. कारण सापडलं तर गुरुवारी चालवून दाखवा. नाही सापडलं, तर मी तिचं तेल-इंधन काढून तिला काचेआड ठेवणार. कायमची."

आजोबांनी तोंड उघडलं. आतून फक्त "खर्रर्र" असा आवाज आला.

आदल्याच दिवशी एकादशी होती. आजोबा देवळात उशिरा पोचले, आणि गळा न तापवता, षड्ज न लावता, एकदम टिपेच्या सुरात नमन सुरू केलं. तिसऱ्या मिनिटाला गळा बसला. उरलेलं कीर्तन हातवाऱ्यांनी झालं. लोक म्हणाले, बुवा आज फार भावविभोर होते.

"आजोबा, तुम्हीच भैरवीला सांगता ना, थंड असताना किंचाळू नकोस म्हणून?" सोयरा म्हणाली.

आजोबांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "शहाणी आहेस. चहा कर."

बुधवारी दुपारी आजोबा, सोयरा आणि टाळ्या कार्यशाळेत बसले. एका टेबलावर वाकलेली झडप, दुसऱ्यावर आजोबांची जुनी बाजाची पेटी. सोयरानं आधी तोच प्रश्न विचारला जो तुम्हीही विचारला असता, "फेरे जास्त झाले की इंजिन बिघडतंच का?"

आजोबांनी मान हलवून नाही म्हटलं. पाटी भरू लागली, पुसली जाऊ लागली.

इंजिनात दट्ट्या असतो (नळकांड्यात वरखाली होणारा धातूचा तुकडा). मिनिटाला सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या एकदा वर जाऊन थांबतो, एकदा खाली येऊन थांबतो. म्हणजे सेकंदाला दोनशे वेळा थांब आणि पळ! प्रत्येक वेळी त्याला धरून ठेवणाऱ्या दांड्याला हिसका बसतो. गंमत अशी की फेरे दुप्पट केले तर हिसका दुप्पट होत नाही, चौपट होतो. बनवणाऱ्यानं दांडा आठ हजारांपर्यंतचा हिसका सोसेल असाच केलेला असतो. तोपर्यंत खुशाल गा.

"आणि झडप?"

आजोबांनी पेटीकडे बोट दाखवलं. सोयरानं भराभर एक तान वाजवली. मधली एक पट्टी मऊ पडलेल्या स्प्रिंगची होती. हळू वाजवलं तर ती दाबून सोडल्यावर वर येई, पण वेगात वाजवलं की वर यायच्या आतच बोट पुन्हा तिच्यावर आपटे.

"अच्छा! झडपेलापण स्प्रिंग असते!" सोयरा ओरडली. "झडप (हवा आत-बाहेर सोडणारं झाकण) स्प्रिंगनं मिटते. फार वेगात तिला मिटायला वेळच मिळत नाही, आणि खालून दट्ट्या येऊन तिला धडकतो!"

आजोबांनी बसल्या जागी टाळी दिली.

"पण आजोबा, भैरवीला तर वेसण आहे ना?"

वेसण हे आजोबांनी ठेवलेलं नाव (फेरे आठ हजारांना टेकले की इंधन बंद करणारी यंत्रणा). तिनं इंधन तोडलं की इंजिनाचा जोर संपतो आणि फेरे पुढे जाऊच शकत नाहीत. मग?

"वेसण त्या दिवशी नीट चालली होती," टाळ्या म्हणाला. "मी तपासली. इंधनाचा थेंबही गेला नव्हता, सोयराताई."

"इंधन नाही, तरी नऊ हजार दोनशे? मग फिरवलं कुणी? भुतानं?"

"भूत माझ्या माहितीसंचात नाही. समंध आहे. बुवांच्या एका आख्यानात येतो."

सोयराला हसू आलं, पण तेवढ्यात तिची नजर भिंतीकडे गेली. घड्याळात चार वाजले होते. आजोबा वाकलेली झडप बोटांत फिरवत होते.

"टाळ्या, त्या फेरीतला आवाज साठवलायस ना? ऐकव."

टाळ्यानं छातीवरची जाळी उघडली. आधी भैरवीचं गाणं, चढत चढत जाणारं. मग आजोबांचा खणखणीत आवाज : "वा! वा रे पठ्ठ्या! बस्स, आता वळण आलं. पट्टी उतरव!" खट्‌ असा आवाज. आणि मग ती किंकाळी.

"थांब. 'पट्टी उतरव' म्हटल्यावर तू काय केलंस?"

"आज्ञा पाळली," टाळ्या अभिमानानं म्हणाला. "चौथी होती, तिसरी केली."

आजोबांच्या हातातून झडप टणकन खाली पडली.

कीर्तनात गळ्याला सूर झेपेना झाला की बुवा मागे वळून साथीदारांना म्हणतात, पट्टी उतरव. म्हणजे सगळंच गाणं एका खालच्या सुरावरून घे, जरा आराम पडू दे. टाळ्यानं हे सहा वर्षं ऐकलं होतं. गाडीत बसल्यावर आजोबांच्या तोंडून सवयीनं तेच निघालं. त्यांना म्हणायचं होतं, जोर कमी कर. टाळ्यानं आपल्या बुद्धीनं अर्थ लावला, गिअर खाली आण.

"पण टाळ्या, खालची पट्टी म्हणजे खालचा सूर. खालचा गिअर म्हणजे..." सोयरानं खडू उचलला.

चाकं एक ठरावीक अंतर जाईपर्यंत चौथ्या गिअरमध्ये इंजिन तीन फेरे मारतं. तेवढ्याच अंतराला तिसऱ्या गिअरमध्ये चार मारतं. त्या दिवशी चौथ्यात सहा हजार नऊशे होते. भागिले तीन, दोन हजार तीनशे. गुणिले चार...

"नऊ हजार दोनशे!" ती किंचाळलीच. "गिअर खाली गेला की सूर वर जातो! उलटं आहे सगळं!"

"आणि वेसण?" टाळ्यानं विचारलं.

आजोबांनी पाटीवर चित्र काढलं : उतारावरची बैलगाडी. बैल ओढत नव्हते. मागून गाडीच बैलांना ढकलत होती. सोयराला लख्ख कळलं. वेसण बैलाला आवरते, मागून येणाऱ्या गाडीला नाही. इंजिन चाकांना फिरवत असतं, तोवर इंधन तोडून ते आवरता येतं. पण वेगात चुकीचा खालचा गिअर पडला, की उलट चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे इंधनाचा काय संबंध?

आजोबा खो खो हसले, म्हणजे आवाज न होता नुसते हलले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. पाटीवर लिहिलं, "माझ्याच जिभेनं वाकवल्या गं झडपा."

सोयरानं पाटी घेतली, ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, "चहा करते."

गुरुवारी अकराला इनामदार मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "पटलं. पण कळणं वेगळं आणि जमणं वेगळं. चालवून दाखवा. हुकूम कोण देणार? बुवांचा तर गळा बसलाय."

आजोबांनी सोयराकडे बोट केलं.

शेजारच्या सीटवर बसून तिनं पट्टा आवळला. भैरवी सुरू झाली, घुमू लागली. पाच मिनिटांनी मॅडम खिडकीतून आत डोकावल्या, "पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला की! सोडा आता."

"पाणी तापलं मॅडम, तेल नाही तापलं," सोयरा म्हणाली. "तेल सावकाश तापतं. थंड तेल म्हणजे थंडीतलं थिजलेलं तूप. कोपऱ्याकोपऱ्यात वेळेवर पोचतच नाही. मग धातूवर धातू घासतो." जरा थांबून ती म्हणाली, "आणि मग एकादशीला होतं तसं होतं."

आजोबांनी गळ्यावरचा मफलर सारखा केला.

दोन फेऱ्या तीन हजारांच्या आत, गुणगुणल्यासारख्या. तेलाचा काटा हळूहळू वर आला. "आता, टाळ्या. दुसरा गिअर. इंधनावर पाय दाब, पण सलग दाब, हिसका नको." काटा चढला : पाच, सहा, सात. पाठ सीटमध्ये रुतली. साडेसातवर ती म्हणाली, "तिसरा!" टाळ्यानं क्लच दाबला (इंजिन आणि चाकं यांची गाठ घटकाभर सोडणारी यंत्रणा), गिअर सरकला, आणि काटा पाच हजारांवर उतरून पुन्हा वर निघाला. टिपेला जाऊन यायचं, तिथे मुक्काम ठोकायचा नाही. तिसऱ्यातही भैरवी सात हजार सहाशेला टेकली आणि माळ दणाणून गेला. कठड्यापाशी मॅडम चहा विसरल्या होत्या.

चौथा गिअर. सहा हजार. सहा हजार नऊशे. आणि समोर वळण, अगदी तेच वळण.

सोयराचं सगळं बालपण कीर्तनात गेलेलं. जीव घाबरला आणि तोंडून निघालंच, "पट्टी—"

टाळ्याचा हात गिअरच्या दांड्यावर गेला.

"—चं नाव काढू नकोस! हात तिथेच! पाय उचल! ब्रेक!"

हात थांबला. फेरे खाली येऊ लागले. सहा हजार, साडेपाच, पाच. सोयरा मनात गुणाकार करत होती. चार हजार आठशे. भागिले तीन, गुणिले चार : सहा हजार चारशे. लाल रेघेच्या खूप आत.

"आता तिसरा. आधी सूर जुळव."

चालत्या भजनात शिरताना आपण आधी सूर गुणगुणून बघतो, मग आवाज मिळवतो. टाळ्यानं क्लच दाबून इंधनाचा एक हलका टेकू दिला. मोकळ्या इंजिनाचे फेरे सहा हजार चारशेला भिडले, आणि मग गिअर टाकून क्लच सोडला. ना खट्‌, ना हिसका. लोणी कापावं तसा गिअर बसला. भैरवी वळणातून गात बाहेर पडली.

शेवटची फेरी अगदी संथ. तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही, त्याला निवू द्यायचं. अंतऱ्यावर कुणी कीर्तन सोडून घरी जातं का?

मॅडमनी नोंद पाहिली. सर्वात मोठा आकडा सात हजार सहाशे. आजोबांनी तेलाचा थेंब पांढऱ्या कापडावर पसरला. धातूची एक चकाकी नव्हती. मॅडमनी कापड उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "रविवारी किती वाजता? आणि ही मुलगी कारण सांगत सांगत हुकूम देते ते मला आवडलं. दर वेळी पोरांना असंच सांगायचं. उद्या ही पोरं चंद्रावरच्या गाड्या बनवतील. तिथली इंजिनं कशाचीही असोत, त्यांनाही कुठेतरी लाल रेघ असणारच."

सोयराच्या डोळ्यांपुढे चंद्रावरचा माळ उभा राहिला. तिथे हवा नाही, म्हणजे आवाजही नाही. तिथल्या गाडीचा सूर कसा ऐकायचा? बसल्या जागी हाडांतून जाणवेल का? हे आजोबांना विचारलं पाहिजे.

पुढच्या एकादशीला आजोबा अर्धा तास आधी देवळात गेले. आधी षड्ज लावला, गळा तापवला, मग नमन. आख्यान रंगलं. सूर चढत चढत टिपेला गेला. एका क्षणी त्यांनी हसत मागे पाहिलं आणि म्हणाले, "पट्टी उतरव."

टाळ्यानं टाळ हवेतच थांबवले.

"बुवा," त्यानं अदबीनं विचारलं, "गळ्याची की गाडीची?"